पोलिसांचा व्हिडिओ काढला तर? सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं बघतो. खालचे प्रश्न कोर्टाच्या आवारात, चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत आणि रात्री साडेअकराला फोनवर लोकांनी विचारलेले आहेत. २०२५च्या सप्टेंबरात माढा तालुक्यातल्या कुर्डूत कारवाईला गेलेल्या पोलीस अधिकाऱ्याचा व्हिडिओ फिरला (त्याबद्दल पुढे), तेव्हापासून ते जास्तच येऊ लागले. उत्तरं माझी, मतंही माझीच. अंगावर प्रसंग आलाच तर कागद घेऊन वकिलाकडे जा; हे पान दाखवून हवालदाराशी हुज्जत घालू नका.

रस्त्यावर ड्युटीवर असलेल्या पोलिसाचा व्हिडिओ काढणं गुन्हा आहे का?

नाही. सात रस्त्याला नाकाबंदी चालू आहे, आसरा चौकात वाहतूक पोलीस गाडी अडवतोय, नवी पेठेत हातगाड्या उचलल्या जाताहेत. हे भर रस्त्यात, चारचौघांसमोर चाललेलं सरकारी काम आहे. ते बघायला बंदी नाही, तशी मोबाईलवर टिपायलाही नाही. मनाई करणारं कलम भारतीय न्याय संहितेत नाही आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमातही नाही.

मात्र ‘नागरिकाला पोलिसांचं चित्रीकरण करण्याचा हक्क आहे’ असं सरळ लिहिलेलं कलमही आपल्याकडे नाही. केरळने ते केलं. २०११च्या केरळ पोलीस कायद्यातलं कलम ३३(२) सांगतं की पोलिसांच्या कारवाईचं कायदेशीर चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण करणाऱ्या नागरिकाला कुठल्याही पोलिसाने अडवू नये. महाराष्ट्राने आपल्या १९५१च्या पोलीस कायद्यात २०१४ साली बऱ्याच दुरुस्त्या केल्या, तेव्हा हे एक वाक्य घालता आलं असतं. घातलं नाही. त्यामुळे आपण राज्यघटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आणि उच्च न्यायालयाच्या निकालांवर उभे आहोत. जमीन पक्की आहे, पण दर वेळी ती वकिलाला दाखवून द्यावी लागते.

मग ‘तीनशे त्रेपन्न लावीन’ म्हणतात ते काय?

सोलापुरात शाळेतल्या पोरालाही माहीत असलेलं हे कलम. जुन्या भारतीय दंड विधानात ३५३ म्हणजे सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हमला किंवा बळाचा वापर. महाराष्ट्राने त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली होती, म्हणून त्याचा धाक मोठा. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू झाली आणि हा गुन्हा कलम १३२ मध्ये गेला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते) आणि अजामीनपात्र.

या कलमाला ‘हमला’ किंवा ‘फौजदारी बळ’ लागतं. धक्का दिला, हात धरला, अंगावर धावून गेलात, तर ते लागू शकतं. मोबाईल हातात धरून उभं राहणं म्हणजे बळ नव्हे. हमल्याची व्याख्या देताना कायद्यानेच खाली स्पष्टीकरण दिलंय की नुसते शब्द म्हणजे हमला होत नाही. दुसरं, सौम्य कलम २२१ आहे, सरकारी कामात अडथळ्याचं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चित्रीकरण करणाऱ्याने सांभाळायचं ते याच्यापासून, कारण ‘अडथळा’ हा शब्द रबरासारखा ताणता येतो.

गंमत अशी की नव्या संहितेतही ३५३ क्रमांकाचं कलम आहे, फक्त ते अफवा आणि लोकांत क्षोभ माजवणाऱ्या विधानांचं आहे. म्हणजे जो आकडा पूर्वी व्हिडिओ काढताना ऐकावा लागायचा, तो आता व्हिडिओवर भलताच मथळा चढवून टाकणाऱ्यालाच खरोखर लागू होऊ शकतो. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

पोलीस ठाण्याच्या आत चालतं का? तिथे तर ‘मोबाईल बंद ठेवा’ अशी पाटी असते.

बऱ्याच जणांना सांगितलं जातं की ठाण्यात शूटिंग केलं तर शासकीय गोपनीयता कायदा लागतो. १९२३चा कायदा, इंग्रजांच्या काळातला, हेरगिरीसाठी केलेला. नावानेच माणूस गार पडतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये हा बागुलबुवा संपवला. वर्ध्यातलं प्रकरण. शेजाऱ्याशी झालेल्या वादातून ठाण्यात गेलेल्या माणसाने आत व्हिडिओ काढला म्हणून २०१८ मध्ये त्याच्यावर या कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. न्यायालयाने म्हटलं की कायद्यातल्या ‘प्रतिबंधित ठिकाणा’च्या व्याख्येत पोलीस ठाणं येतच नाही, आणि गुन्हा रद्द केला. सप्टेंबर २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठासमोर असंच प्रकरण आलं, नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीचं. तिथे ठाण्यातल्या अधिकाऱ्याशी झालेलं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. तिथेही गोपनीयता कायद्याचं कलम टिकलं नाही.

याचा अर्थ फौजदार चावडी पोलीस ठाण्यात शिरून सरसकट चित्रीकरण करावं असा नाही. ठाण्यात कुणी बाई अत्याचाराची फिर्याद देत बसलेली असते, कुठे अल्पवयीन पोरगं असतं, कुठे खबऱ्या. त्यांची ओळख बाहेर गेली तर तो वेगळा आणि गंभीर गुन्हा होतो. तुमच्या कामापुरतं, तुमच्या समोरच्या टेबलापुरतं रेकॉर्ड करा.

न सांगता आवाज रेकॉर्ड केला तर? ते लबाडी नाही का?

तुम्ही स्वतः ज्या बोलण्यात सहभागी आहात ते रेकॉर्ड करणं गुन्हा नाही. दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून ऐकणं वेगळं. ‘एफआयआर घेत नाही, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून जा’ हे वाक्य कुणी लेखी देत नसतं. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्येच सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. तरीही एनसीवर बोळवण होते, आणि तेव्हा खिशातला मोबाईल हाच साक्षीदार उरतो. लबाडी वाटत असेल तर उघड रेकॉर्ड करा. पण मग ते वाक्य ऐकू येईल असं नाही.

नेमकं कसं उभं राहायचं? काय बोलायचं?

मागे राहा. किती मागे याचा आकडा कायद्यात नाही. मी लोकांना सांगतो, पोलीस आणि तो ज्याच्याशी बोलतोय त्यांच्यामधून तुम्हाला जावं लागू नये आणि त्याने हात लांब केला तर तुमच्यापर्यंत पोचू नये. ‘मागे व्हा’ म्हटलं की दोन पावलं मागे व्हा, आणि ते मागे होणं व्हिडिओत दिसू द्या. पुढे अडथळ्याचा आरोप झाला तर तीच दोन पावलं तुमच्या कामी येतात.

तोंड बंद ठेवा. हे सोलापूरकरांना सगळ्यात अवघड जातं हे मला माहीत आहे. मी पाहिलेल्या निम्म्या व्हिडिओंत पोलिसापेक्षा काढणाराच जास्त बोलतो. ‘काय बे, कुणाला हात लावतो’ हे तुमचं वाक्य कोर्टात सरकारी वकील तीनदा ऐकवतो. बोलायचंच असेल तर तारीख, वेळ आणि जागा बोला, मंगळवार, रात्री पावणेदहा, सात रस्ता. नेमप्लेट आणि गाडीचा नंबर टिपा. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, असं १९९६च्या डी. के. बसू निकालात आहे आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३६ मध्येही आहे.

मोबाईल आडवा धरा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच फाईल ठेवा, मध्ये थांबवू नका. मध्ये कापलेलं दिसलं की आधी शंका तुमच्यावर येते.

मोबाईल हिसकावला, डिलीट करायला लावलं. आता?

आधी जिवाला जपा. मोबाईल ओढाओढीत कुणी जिंकत नाही, आणि ओढाओढी झाली की ‘बळाचा वापर’ तुम्ही स्वतःच पुरवलात.

पोलिसाला वस्तू जप्त करायचा अधिकार आहे, सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली. पण जप्ती म्हणजे पंचनामा, पंचांच्या सह्या आणि दंडाधिकाऱ्यांना कळवणं. ‘मोबाईल साहेबांच्या टेबलावर ठेव, सकाळी ये’ ही जप्ती नव्हे, याला कायद्यात नावच नाही. शांतपणे विचारा, ‘जप्त करताय का? मग पंचनाम्याची प्रत द्या.’ माझ्या अनुभवात या एका वाक्यावर अर्धे मोबाईल परत हातात येतात.

डिलीट करायला लावणं तर अधिकारात बसतच नाही. तो पुरावा असेल तर पुरावा म्हणून जप्त करा, नसेल तर हात लावू नका. मधला रस्ता नाही. उलट कोर्टात हजर करावी लागू शकेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे.

मागे एक बावीस वर्षांचा पोरगा माझ्याकडे आला होता, घरोघरी पार्सल पोचवणारा. शहरातल्या एका नाक्यावर त्याच्या मित्राला दोन कानफटात बसल्या, याने टिपलं, मोबाईल काढून घेतला आणि त्याच्यासमोर व्हिडिओ पुसला. रात्री त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. बहुतेक मोबाईलमध्ये पुसलेलं काही दिवस कचरापेटीत पडून असतं, एवढंही त्याला ठाऊक नव्हतं. पाच मिनिटांत व्हिडिओ सापडला. पुढे काय घोळ झाला ते पुराव्याच्या प्रश्नात सांगतो.

पासवर्ड द्यावा लागतो का?

यावर देशातल्या न्यायालयांचं एकमत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसण्याचा राज्यघटनेतला हक्क इथे लागू होतो का, हा वाद चालू आहे. रस्त्यावर उभ्या उभ्या मात्र ‘वकिलाशी बोलून सांगतो’ म्हणा. आणि मोबाईल बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर उघडणारा ठेवू नका.

पोलीसही आमचा व्हिडिओ काढतात. ते चालतं?

चालतं, आणि झडतीच्या वेळी तर त्यांनी काढलाच पाहिजे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं, शक्यतो मोबाईलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. घराची झडती असेल तर ‘साहेब, रेकॉर्डिंग चालू आहे ना?’ असं विचारा. हा उद्धटपणा नव्हे. ते त्यांचंच काम आहे. वस्तूंची यादी आणि साक्षीदारांच्या सह्यासुद्धा त्या चित्रीकरणात यायला हव्यात.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं फुटेज मिळतं का?

लोक आपल्या मोबाईलमागे धावतात आणि भिंतीवरचा कॅमेरा विसरतात. माझ्या मते तोच जास्त मोलाचा आहे, कारण ‘तुम्हीच बनवलंय’ असं त्याला म्हणता येत नाही.

परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं की देशातल्या प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत. दारं, मुख्य फाटक, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची आणि उपनिरीक्षकांची खोली, ठाण्याची मागची बाजू आणि स्वच्छतागृहाच्या बाहेर, आत नव्हे. रात्री दिसणारे आणि आवाज पकडणारे. साठवण अठरा महिन्यांची, ती यंत्रणा मिळत नसेल तर निदान एक वर्षाची. कॅमेरा चालू आहे की नाही याची जबाबदारी ठाणेप्रमुखाची. देखरेखीला जिल्हास्तरीय समिती, तिच्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. शिवाय दारावर स्थानिक भाषेत मोठा फलक हवा की इथे कॅमेरे आहेत, फुटेज जतन होतं आणि पीडिताला ते सुरक्षित ठेवून घेण्याचा हक्क आहे.

आता प्रत्यक्ष. ‘कॅमेरा त्या दिवशी बंद होता’, ‘डीव्हीआर (फुटेज साठवणारं यंत्र) दुरुस्तीला गेलाय’, ‘त्या कोपऱ्यात लाईट नव्हती’. कॅमेऱ्यांच्या तब्येती ठराविक दिवशीच बिघडतात असं माझं निरीक्षण आहे. तमिळनाडूत सातानकुळमला जून २०२० मध्ये मोबाईल दुकानदार बापलेकांचा कोठडीतल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. तिथल्या ठाण्यात फुटेज साठवायला पुरेशी जागा होती, पण यंत्रणा रोजचं रोज पुसलं जाईल अशी लावून ठेवल्याचं चौकशीला गेलेल्या दंडाधिकाऱ्यांना आढळलं. कॅमेरे नसल्याने किंवा बंद असल्याने अडचण होते म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय पुन्हा आपणहून हाती घेतला.

म्हणून घाई करा. प्रसंग घडला की दुसऱ्या दिवशी एक पानी अर्ज द्या. अमुक तारखेचं, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं, अमुक ठिकाणचं फुटेज जतन करावं. मागणी आधी जतन करण्याची, देण्याची नंतर. अर्ज ठाण्यात द्या, वरिष्ठांना द्या आणि दोन्हीकडे आवक शिक्का मारलेली पोच घ्या. शिक्का देत नसतील तर पोस्टात जाऊन रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपा. नंतर फुटेज गेलंच, तर अर्ज मिळाल्यावरही गेलं, हे तुमच्या हातात राहतं.

माहिती अधिकारातही मागता येतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एक विषय, दीडशे शब्द. तिथे तपासात अडथळा किंवा त्रयस्थाचं खासगीपण ही कारणं देऊन नकार येऊ शकतो, मग अपील. म्हणून माहिती अधिकाराच्या भरवशावर बसू नका. कोठडीत मारहाण झाली असेल तर मानवी हक्क आयोगाला किंवा न्यायालयाला फुटेज थेट मागवता येतं, हे त्याच सैनी निकालात आहे.

कुर्डूच्या व्हिडिओने पोलिसांचं भलं झालं की वाईट?

माढा तालुक्यातलं कुर्डू, बेकायदा मुरूम उपशाची तक्रार, आणि कारवाईला गेलेल्या अंजना कृष्णा, त्यावेळी करमाळ्याच्या उपविभागीय पोलीस अधिकारी. कार्यकर्त्याने त्यांच्या हातात फोन दिला. पलीकडे त्यावेळी उपमुख्यमंत्री असलेले अजित पवार. बाईंनी आवाज ओळखला नाही आणि माझ्या फोनवर फोन करा म्हणाल्या. त्यावर पवारांनी त्यांना दरडावलं आणि कारवाई थांबवायला सांगितलं, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. अजित पवारांनी नंतर खुलासा केला की हस्तक्षेपाचा हेतू नव्हता, परिस्थिती चिघळू नये एवढंच होतं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मोबाईल उघडा होता, आणि त्या उघड्या मोबाईलने जिला अडचणीत आणलं असतं तिलाच तारलं. व्हिडिओ नसता तर दुसऱ्या दिवशी ‘अधिकारी उद्धट वागल्या’ एवढीच गोष्ट शिल्लक राहिली असती. नीट काम करणाऱ्या पोलिसाने कॅमेऱ्याला का घाबरू नये, याला आपल्याच जिल्ह्यातला यापेक्षा चांगला दाखला मी देऊ शकत नाही.

पण पोलिसांचीही बाजू आहे की. त्यांनी काय दिवसभर शूटिंगच करून घ्यायचं?

आहे, आणि ती ऐकलीच पाहिजे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार आहेत. ते म्हणतात, ‘वकीलसाहेब, गड्ड्याच्या यात्रेत सकाळी सहाला उभं राहायचं, रात्री बाराला सुटायचं. डॉल्बीवाल्याने दोन तास आईबहीण काढली ती कुणी टिपत नाही. मी एकदा ओरडलो, ते पोराच्या मोबाईलमध्ये. मग माझी बायको ते बघते, शेजारी बघतात.’

खरं आहे. व्हिडिओ नेहमी भांडणाच्या मध्येच सुरू होतो. तीस सेकंदांच्या तुकड्यात कोण आधी बोललं ते नसतं. कधी तर दुसऱ्या राज्यातला, चार वर्षांपूर्वीचा तुकडा ‘आज विजापूर नाक्यावर’ म्हणून फिरतो. आणि बिगरवर्दीतल्या, गुप्त कामावरच्या पोलिसाचा चेहरा दाखवलात तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

तरी माझं मत बदलत नाही. अर्धवट व्हिडिओला उत्तर पूर्ण व्हिडिओ आहे. हवालदाराच्या छातीवर कॅमेरा द्या, त्याची फाईल त्याच्या साहेबालाही पुसता येणार नाही अशी ठेवा, मग डॉल्बीवाल्याच्या शिव्याही नोंदतील. माझ्या त्या मित्रालाही हे पटतं. त्याची हरकत फक्त एवढी होती की बॅटरी सोळा तास टिकत नाही, आणि त्याच्या ड्युटीचे तास बघता ती हरकत मला रास्त वाटली.

व्हिडिओ टाकायचा की नाही?

लगेच टाकू नका. आधी मूळ फाईल सुरक्षित, मग तक्रार, मग हवं तर टाकणं. लोक उलट्या क्रमाने करतात.

टाकलात तर जे दिसतंय तेवढंच लिहा. ‘पोलिसाने हप्ता घेतला’ आणि ‘पोलिसाने पैसे घेतले, पावती दिलेली दिसत नाही’ या दोन वाक्यांत तुमच्या मागे लागणाऱ्या बदनामीच्या खटल्याचं अंतर आहे. जात, धर्म काढलात तर नवं ३५३ आणि गटागटांत तेढ वाढवण्याचं कलम १९६ वाट बघत आहेत. गाणं चढवू नका. ‘६६-अ लावू’ अशी धमकी कुणी दिली तर मात्र निवांत राहा. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय.

अत्याचारपीडित स्त्री, लहान मूल किंवा जखमी माणूस चित्रात असेल तर टाकायचंच नाही. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, तुमचा हेतू कितीही चांगला असो.

ड्रोनने मिरवणूक शूट केली तर?

ते वेगळं प्रकरण आहे. ड्रोनला हवाई नियम लागू होतात आणि पोलीस आयुक्त मनाईचे आदेशही काढू शकतात. आदेश बघितल्याशिवाय उडवू नका.

कोर्टात मोबाईलचा व्हिडिओ टिकतो का?

टिकतो, जपला असेल तर. हा कायदा आपल्याच भागातल्या एका खटल्याने पक्का झाला. जालन्याच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद गेला, त्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही, पण प्रत दिली तर प्रमाणपत्र हवंच. आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश किंमतही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा. फाईलमधलं एक टिंब बदललं तरी तो बदलतो.

आता त्या पार्सलवाल्या पोराचं. कचरापेटीतला व्हिडिओ मिळाला, त्याने आनंदात व्हॉट्सअॅपवर चाळीस जणांना पाठवला, आणि महिन्याभराने मोबाईल एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला. हातात उरला व्हॉट्सअॅपवरून आलेला, आकसलेला, चौथ्या माणसाकडून परत मागवलेला तुकडा. मूळ मोबाईल कुणा अनोळखी माणसाच्या खिशात. प्रमाणपत्रावर सही कुणी आणि कशाच्या जोरावर करायची? मारहाण खरी होती, मी आजही शपथेवर सांगेन, पण ती दाखवणारी फाईल आम्ही स्वतःच घालवली.

तेव्हा मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका. फाईलचं नाव बदलू नका. एक प्रत पेनड्राईव्हवर, एक घरच्या विश्वासू माणसाकडे. व्हॉट्सअॅपने पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती आकसत नाही.

तक्रार कुणाकडे करायची?

आधी बघा, हद्द कुणाची. शहरात असेल तर पोलीस आयुक्त. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, करमाळा असेल तर पोलीस अधीक्षक, सोलापूर ग्रामीण. चुकीच्या दारात गेलेला अर्ज टपालातच आठ दिवस फिरतो.

त्याच्यावर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये आदेश दिला आणि महाराष्ट्राने २०१४च्या दुरुस्तीने राज्य आणि विभाग अशा दोन पातळ्यांवर त्याची तरतूद केली. सोलापूर पुणे विभागात येतं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, नियम मोडून केलेली अटक, खंडणी असे विषय तिथे जातात. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत.

एफआयआरच घेत नसतील तर आधी वरिष्ठांना लेखी, मग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. तक्रार सरकारी नोकराविरुद्ध असेल तर दंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल मागवतात, त्यात वेळ जातो. खटल्याला शासनाची मंजुरी लागते तिथे आता १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ विसरू नका. कर्तव्याच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांच्या आत कोर्टात गेला नाहीत तर दरवाजा बंद होण्याची भीती असते. चांगली प्रकरणं मी या एका मुदतीपायी बुडालेली पाहिली आहेत.

उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर त्याच्या कक्षेत आहे.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या लोकांसाठी एक गोष्ट. घरी तेलुगू बोलणाऱ्या आजीचा जबाब मराठीत लिहिला जातो. तो तिला वाचून दाखवला पाहिजे आणि एफआयआरची प्रत फुकट मिळाली पाहिजे. कळलं नसेल तर अंगठा उठवू नका.

व्हिडिओ असूनही काही होतं का हो?

दर वेळी नाही. अमेरिकेत मिनियापोलिसला २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड गेला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या पत्रकात ‘वैद्यकीय घटना’ असं लिहिलं होतं. सतरा वर्षांच्या मुलीने फुटपाथवरून काढलेला व्हिडिओ बाहेर आला म्हणून ते पत्रक खोटं ठरलं आणि पुढच्या वर्षी त्या पोलिसाला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. आपल्या शेजारी सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये कोठडीतला तरुण ‘पळून गेला’ असं आधी सांगितलं गेलं. प्रत्यक्षात त्याचा मृत्यू झाला होता आणि मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला होता. तिथे फुटपाथवर कुणी उभं नव्हतं. नातेवाइकांनी ती गोष्ट मानायला नकार दिला म्हणून ते उघडं पडलं.

व्हिडिओमुळे पहिली खोटी गोष्ट टिकत नाही, एवढं मी खात्रीने सांगतो. पुढचं काम अर्जाचं, पोचपावतीचं आणि तारखांना हजर राहण्याचं आहे. व्हायरल झाला की लोकांना वाटतं झालं. संबंधिताची बदली होते, सहा महिन्यांनी तो दुसऱ्या ठाण्यात असतो, आणि फिर्यादीच कोर्टात आलेला नसतो.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, जिथे पोलीस दिसतात तिथे मोबाईल काढतो. मला झोप लागत नाही. त्याला थांबवू का?

ताई, हा प्रश्न तुम्ही एकट्या विचारत नाही. थांबवा असं मी म्हणणार नाही, आणि थांबवलंत तरी तो ऐकेल असं वाटत नाही. पण दिसेल तो पोलीस टिपणं म्हणजे दक्षता नव्हे, ती खोड आहे, हे त्याला माझ्या नावाने सांगा. काही चुकीचं घडत असेल तेव्हाच मोबाईल काढायचा. वरचं ‘मागे राहा, तोंड बंद ठेवा’ हे उत्तर त्याला मोठ्याने वाचून दाखवा. एका वकिलाचा आणि घरातल्या एकाचा नंबर त्याला पाठ असू द्या, मोबाईलमध्ये नव्हे, कारण मोबाईलच हातातून गेला तर नंबरही जातो. रात्री तो घरी आला की आधी जेवायला घाला, मग विचारा आज काय टिपलंस, आणि त्याची एक प्रत तुमच्याकडे ठेवून घ्या.